साडेतेहतीस डिग्रीचे तीन दिवस

माझी मुलगी जन्मली आणि तिला गार करून ठेवलं. हे वाक्य मराठीत कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस दचकतो आणि विचारतो, "गार म्हणजे?" गार म्हणजे गार. साडेतेहतीस डिग्री सेल्सिअस, बहात्तर तास. अंगाखाली गार पाणी खेळवणारी गादी, अंगावर डायपरशिवाय काही नाही. बाहेर सिडनीचा हिवाळा आणि लॉकडाउन.

आपल्याकडे बाळाला गुंडाळतात. टोपरं, झबलं, दुपटं, वर आणखी एक दुपटं. पाय उघडा राहिला तरी घरातल्या चार बायका ओरडतात. आणि माझी मुलगी तशीच उघडी, हातपाय पसरून, थंडगार पडलेली. तो उपचार होता. तो उपचारच आहे हे मला पाठ झालं होतं, पण बघवत नव्हतं.

त्या दिवसांत मी फोनवर मराठीत काही सापडतं का ते बघत होते. बाळाला मालिश कशी करावी, बाळगुटी कधी द्यावी, एवढंच सापडलं. बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला तर आईनं काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. मी पॅरामॅटातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि नोंदवायच्या, हे माझं काम. रागीट आहे, ते पुढे दिसेलच.

बुधवार, गुरुवार

त्या हिवाळ्यात पश्चिम सिडनीतल्या आमच्या टूनगॅबीत घराबाहेर पडायला कारण लागायचं. रोज अकरा वाजता टीव्हीवर कोविडचे आकडे, मग आमच्या आजूबाजूच्या सबर्बांची नावं, आणि डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. बातम्यांत समुद्राकाठचे लोक वाळूवर उन्हं खात पडलेले दिसायचे. आम्ही ब्लॅकटाउनच्या बाजूचे लोक मात्र रोगराई पसरवणारे. मी नऊ महिने पूर्ण होत आलेली बाई, घराजवळच्या पार्कात चालतानाही कुणी हटकेल का म्हणून मागे बघायचे.

बाळंतपणाच्या दोन आठवडे आधी बाळ कमी हलतंय असं वाटून मी एकदा हॉस्पिटलला जाऊन आले होते. दारावरच्या माणसानं विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?" मी टूनगॅबी म्हटल्यावर तो अर्धं पाऊल मागे सरकला. माझ्या नवऱ्याला, मंदारला, पार्किंगमध्येच थांबायला लावलं. मी दीड तास पोटाला पट्टे बांधून एकटी पडले. सगळं ठीक निघालं. मिडवाइफ म्हणाली, "नो वरीज, यू कम इन एनीटाइम." ती अगदी मनापासून म्हणाली, पण मलाच उगीच लाज वाटली. भर साथीत या लोकांना आपण फुकट त्रास दिला, असं डोक्यात बसलं.

मग तो बुधवार आला. संध्याकाळी मंदार भाजी चिरत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "हलतंय ना गं?"

मी म्हटलं, "हलतंय की."

हलत नव्हतं. अगदीच नाही असंही नव्हतं. मधूनच जरा सरकल्यासारखं व्हायचं, पण रोजच्या लाथा नव्हत्या. ते मला कळत होतं. गुरुवारी माझ्या प्रोजेक्टचं शेवटचं टेस्टिंग होतं आणि शुक्रवारपासून रजा. कुणी मला धरून बसवलं नव्हतं. मॅनेजरला एक मेसेज टाकला असता तर तोच म्हणाला असता, "गो, मेट, गो." पण सहा महिने केलेलं काम मला दुसऱ्याच्या हातात अर्धवट द्यायचं नव्हतं. शिवाय तो दारावरचा माणूस, ते पार्किंग, ते एकटीनं पडणं. उद्या बघू, असं मी ठरवलं. गुरुवारी चार वाजता टेस्टिंग संपलं, मी थंड ज्यूस प्यायले, डाव्या कुशीवर पडले आणि वाट बघितली. काहीच झालं नाही. तेव्हा मी मंदारला गाडी काढायला सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये मिडवाइफनं विचारलं, "व्हेन डिड यू लास्ट फील बब मूव्ह नॉर्मली?"

मी म्हटलं, "दिस मॉर्निंग."

तिनं तसं लिहून घेतलं. रोज दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या मी स्वतःची पहिलीच नोंद खोटी दिली. का? मला ओरडा बसेल म्हणून. बत्तीस वर्षांची बाई, आणि शाळेतल्यासारखी ओरड्याला घाबरली. वीस मिनिटांत ती खोली माणसांनी भरली, आणि मला सिझेरियनसाठी नेलं. कुणीतरी माझ्या तोंडावर मास्क ठेवला आणि म्हणालं, "बिग ब्रेथ्स, डार्लिंग."

"ती आहे"

जाग आली तेव्हा मंदार शेजारी होता. निळा गाऊन, मास्क, डोळे सुजलेले. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "ती आहे."

"रडली का?"

"नाही."

एवढंच आमचं बोलणं. मुलगी झाली हे मला असं कळलं. नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, मुक्ता. त्यानं ते तिच्या खाटेवरच्या कार्डावर एकट्यानं लिहून दिलं होतं. त्याचाही मला राग आला. ते मला लिहायचं होतं.

थोड्या वेळानं बाळांच्या अतिदक्षता विभागातली डॉक्टर आली. तिचं नाव हेलन. ती खुर्ची ओढून बसली, आणि डॉक्टर बसून बोलायला लागले की काय समजायचं ते मला समजलं. ती म्हणाली, मुक्ताच्या मेंदूला जन्माच्या आधी काही काळ प्राणवायू पुरेसा मिळाला नाही. किती काळ, ते सांगता येत नाही.

मला पाठ्यपुस्तक लिहायचं नाही, पण तिनं जे सांगितलं ते इथं सांगते, कारण मला ते कळल्यावरच त्या गार गादीशेजारी बसता आलं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते ती रसायनांतून. ते रसायन घ्यायला दुसऱ्या पेशीवर जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हेलन त्यांना दारं म्हणाली. निरोप आला की दार उघडतं, काम झालं की मिटतं, आणि सांडलेलं रसायन आवरून घेतलं जातं. ही आवराआवर करायला प्राणवायू लागतो. तो नसला की रसायन तिथंच साचतं, दारं उघडीच राहतात, आणि पेशीत नको ते इतकं शिरतं की ती दमून मरते. लगेच नाही. काही तासांनी, दिवसांनी.

"आणि बाळांमध्ये ही दारं मोठ्या माणसांपेक्षा जास्त वेळ उघडी राहणारी असतात," ती म्हणाली. "कारण त्यांना भराभर शिकायचं असतं. ज्या गोष्टीमुळे बाळ शिकतं, तीच अशा वेळी त्याच्यावर उलटते."

मी विचारलं, "मग मेंदूला शांत करणारं काही नसतं का?"

"असतं," ती म्हणाली. "एक रसायन तुमच्या-माझ्या मेंदूला शांत करतं. पण इतक्या लहान मेंदूत तेही कधीकधी उलट चेतवतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते सांगता येणार नाही. हे असं कुणी रचलं? शिकायची हौस जास्त म्हणून मरायची भीती जास्त, आणि शांत करणारंही साथीला नाही. मी हेलनला म्हटलं, "दॅट इज अ बॅड डिझाइन." ती हसली नाही. म्हणाली, "येस. म्हणून आम्ही थंड करतो. थंडीत सगळं हळू होतं. त्या पेशींना थोडा वेळ मिळतो."

तीन दिवस. पहिल्या सहा तासांत सुरू करायचं आणि मधे सोडायचं नाही. त्यानंतर स्कॅन, आणि किती वाचलं ते तेव्हा कळणार. त्या क्षणापासून माझ्या जगात एकच प्रश्न उरला. मुक्ताचा मेंदू किती वाचणार?

एका वेळी एकच

साथीचा नियम असा होता की खाटेशेजारी एका वेळी आई किंवा बाप, एकच. सकाळी दहा ते बारा मंदार, बारानंतर मी, मग पुन्हा तो. लिफ्टपाशी आम्ही एकमेकांना ओलांडायचो, जणू शिफ्ट बदलतेय. आपल्या मुलीला आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा पाहिलं ते ती सहा दिवसांची झाल्यावर. नियम कशासाठी होता ते मला समजतं. तरी तो ज्यानं लिहिला त्याला एकदा माझ्या जागी त्या लिफ्टपाशी उभं करावं, असं आजही वाटतं.

मला व्हीलचेअरमधून नेलं. मुक्ताच्या डोक्याला बारीक तारा चिकटवलेल्या, नाकात नळी, तोंडाला टेप. मी तिच्या हाताला बोट लावलं. फ्रिजमधून काढलेल्या काकडीसारखा गार. उचलायचं नाही. पांघरूण घालायचं नाही. दूध पाजायचं नाही. मग आईनं करायचं काय?

तिची नर्स ट्रिश, साठीची, रुंद खांद्यांची. तिनं माझ्या मनातलं ओळखलं असावं. मी सकाळी सिरिंजमध्ये कसंबसं काढून दिलेलं चिकाचं दूध तिनं कापसाच्या काडीवर घेतलं, दोन थेंब, आणि ती काडी माझ्या हातात दिली. "यू डू इट, लव्ह. जस्ट ऑन द लिप्स." मी लावलं. मुक्ताचे ओठ हलले. त्या तीन दिवसांत मला कुणी काही दिलं असेल तर ते ट्रिशनं दिलेले दोन थेंब.

टोपरं

माझी आई मी कॉलेजात असताना गेली. बाळंतपणासाठी चिंचवडहून सासूबाई येणार होत्या, पण ऑस्ट्रेलियाची सीमा बंद. मग त्यांनी बाळंतविडा कुरिअरनं पाठवला. झबली, दुपटी, आणि त्यांनी स्वतः विणलेलं पिवळ्या लोकरीचं टोपरं, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांसकट. ते पार्सल तीन महिने कुठेकुठे फिरून आलं होतं. हॉस्पिटलच्या बॅगेत मीच ते सगळ्यात वर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी आत गेले, तर ट्रिश खाटेपाशी वाकून तारा तपासत होती. बाजूच्या टेबलावर झिपच्या पिशवीत ते पिवळं टोपरं, वर मुक्ताच्या नावाचं लेबल.

"डॅड पॉप्ड अ हॅट ऑन," ट्रिश हळूच म्हणाली. "ही डिडन्ट नो. नो हार्म डन."

मी तक्ता वाचला. सवयच आहे. दर काही मिनिटांनी तापमान, साडेतेहतीस, साडेतेहतीस, आणि मग मधेच चौतीसच्या वर. पुढे इंग्रजीत लिहिलेलं: टोपी काढली. पालकांना समजावून सांगितलं. मग हळूहळू पुन्हा साडेतेहतीस.

झालं होतं असं. मंदारनं आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे त्यांनी उघडं, गार पडलेलं बाळ पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. "अरे, डोकं तरी झाक रे तिचं. टाळू उघडी आहे." ट्रिश औषध मोजायला पलीकडच्या खाटेकडे वळली होती. आणि हा माझा इंजिनिअर नवरा, ज्याला गादीचं पाणी किती डिग्रीचं हे पाठ होतं, त्यानं बॅगेतून टोपरं काढलं आणि तारांवरून मुलीच्या डोक्याला घातलं. मशीन ओरडायला लागलं तेव्हा त्याला कळलं.

मी परत बाहेर जाऊन त्याला लिफ्टपाशी गाठलं.

"तू इंजिनिअर आहेस ना?"

"आई म्हणाली..."

"आई म्हणाली! आई उद्या म्हणेल शेगडी लाव खाटेखाली, लावशील?"

"ती इतकी गार होती गं, केतकी," तो म्हणाला. मास्कमुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण आवाज फाटला होता. मला दया आली नाही. मी त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि सासूबाईंना लावला. त्या "अगं केतकी, कशी आहे छकुली..." म्हणेपर्यंत मी बोलून मोकळी झाले.

"तुमच्या त्या टोपऱ्यामुळे माझ्या मुलीच्या मेंदूला काही झालं ना, आई, तर मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही."

पलीकडून त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मी फोन ठेवला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? दोन दिवसांत पहिल्यांदाच छाती जरा मोकळी झाली होती.

लोक

लोकांबद्दलही लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी कुणाला असं बोलणार नाही. "तू स्ट्रॉंग आहेस." नाही. "ऑस्ट्रेलियात आहेस म्हणून बरं." हो, पण आत्ता नको. "माझ्या मावसबहिणीच्या मुलालाही असंच झालं होतं, आज इंजिनिअर आहे." त्या मावसबहिणीच्या मुलाला नुसती कावीळ झाली होती, मी नंतर चौकशी केली. टूनगॅबीच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी हात जोडलेले बारा इमोजी पाठवले. मी ग्रुप सोडला.

उपयोगी पडलेली माणसं काहीच बोलली नाहीत. शेजारच्या पंजाबी काकू दाराबाहेर रोज डबा ठेवून बेल वाजवून निघून जायच्या. एकदाच मास्कमधून म्हणाल्या, "खा ले बेटा, बात मत कर." अशी माणसं मिळाली तर त्यांना सोडू नका.

"कधी शेवटचं हललं?"

तीन दिवसांनंतर तिला हळूहळू गरम केलं, अख्खा अर्धा दिवस लावून. त्यात तिला एकदा झटका आला. उजवा हात आणि पाय लयीत हलायला लागले, आणि ट्रिश एका क्षणात तिच्याजवळ पोहोचली. औषधानं तो थांबला. मग माझ्या छातीवर मुलगी ठेवली. ती कोमट होती. मी रडले, ट्रिशनं तोंड फिरवून उगीच सलाइनची नळी नीट केली.

सहाव्या दिवशी स्कॅनचा निकाल. त्यासाठी आम्हा दोघांना एका खोलीत एकत्र बसू दिलं. हेलन म्हणाली, मधल्या भागात, डाव्या बाजूला, इजा दिसतेय. मोठी नाही, पण आहे. उजव्या हातात ताठरपणा येऊ शकतो. चालणं, बोलणं, उशिरा होईल किंवा वेळेवर होईल, आत्ता कुणीच सांगू शकत नाही. दर काही महिन्यांनी तपासायचं. डोक्याचा घेर मोजत राहायचा, कारण मेंदू वाढला तरच डोकं वाढतं.

मी तडक विचारलं, "वॉज इट द हॅट?"

मंदारनं खाली बघितलं.

"नाही," हेलन म्हणाली. "दहा मिनिटं होती ती टोपी. त्यानं असं होत नाही. हे त्याच्या खूप आधीचं आहे. जन्माच्या आधीचं." मग तिनं कागद चाळले. "इथं लिहिलंय की त्या दिवशी सकाळपर्यंत हालचाल नॉर्मल होती. बरोबर?"

आता तरी हो म्हणता आलं असतं. नोंद तशीच राहिली असती आणि कुणाला कधी कळलं नसतं. पण ही बाई त्या नोंदीवरून माझ्या मुलीबद्दल विचार करणार होती.

"नाही," मी म्हटलं. "बुधवारपासून कमी होती."

हेलननं पेन उचललं आणि दुरुस्ती केली. मी विचारलं, बुधवारीच आले असते तर? ती म्हणाली, "कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता. आय कान्ट टेल यू, आणि जो कुणी छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

गाडी मंदार चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर एकच वाक्य बोलला, "मी विचारलं होतं तुला."

"हो."

टूनगॅबीला पोहोचल्यावर, इंजिन बंद करून, तो म्हणाला, "आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

मी नाही सांगितलं.

दहा महिने

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी दहा महिने सांगितलं नाही. सासूबाई फोन करायच्या, मंदारशी बोलायच्या, मला "बरी आहेस ना?" एवढंच विचारायच्या. पूर्वी त्या तासभर बोलायच्या, काय खाल्लंस, पाठ शेकलीस का, कान झाकलेस का. आता एकही सल्ला नाही. मंदार एकदा सहज म्हणाला की आईनं विणकाम सोडलंय, सोसायटीतल्या कुणाच्या नातवासाठी मागितलं तरी नाही म्हणते. मी ऐकलं आणि मुक्ताच्या हाताचा व्यायाम घ्यायला गेले.

कारण टोपरं हातात धरता येत होतं. त्याच्यावर ओरडता येत होतं. माझ्या बुधवारचं मी काय करणार होते?

मुक्ता वाढत होती. घरी रोज चार वेळा व्यायाम. डावा हात सगळं पकडायचा, उजवी मूठ घट्ट मिटलेली. सहाव्या महिन्यात ती मी दचकेन इतकं मोठ्यानं हसली. दर क्लिनिकला कागदी टेप तिच्या डोक्याभोवती फिरायची आणि माझा श्वास अडकायचा. आकडा आलेखावर टेकायचा, रेषेवर बसायचा, मग मी श्वास सोडायचे. परत येताना गाडीत मी विनाकारण मंदारशी भांडायचे.

सासूबाई

सीमा उघडली, मग व्हिसा रखडला, मग त्यांनाच कोविड झाला. त्या आल्या तेव्हा पुन्हा हिवाळा होता. बॅगेत भाजणी, मेतकूट, मंदारसाठी शेव. लोकरीचं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता स्वयंपाकघरात उशांना टेकून बसली होती. डोकं उघडं. इथली घरं बाहेरच्यापेक्षा गार असतात, ते सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंचा हात तिच्या डोक्याकडे गेला, टाळूपाशी थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला. चहा ढवळत राहिल्या.

तो मागे घेतलेला हात मला बघवेना.

"आई, टोपऱ्यानं काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. सहाव्या दिवशी."

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बाळ आदल्या दिवसापासून हलत नव्हतं. मला कळत होतं. मंदारनं विचारलं तर मी खोटं बोलले. ऑफिसचं काम होतं. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत मी घरी बसून राहिले."

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा जवळ घेतील. त्यांचा चेहरा लाल झाला.

"दहा महिने?" त्या म्हणाल्या. "दहा महिने मी रोज उठून त्या पोरीच्या डोक्याची माफी मागतेय. देवापुढे बसले की तेच. आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"फोन होता ना गं हातात? मला बोलायला होता, आणि हे सांगायला नव्हता?"

त्यांचं खरं होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच राग योग्य माणसावर निघत होता. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवायलाही आल्या नाहीत. मंदारनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यानं त्यांचं ताट आत नेऊन दिलं.

दुपारी तीनच्या सुमाराला त्या बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुठं आहे ते?"

ते टोपरं माझ्या कपाटात होतं, त्याच झिपच्या पिशवीत, वर मुक्ताचं लेबल. मी दिलं. त्यांनी ते मुक्ताच्या डोक्यावर ठेवलं. ते वरच्या वर बसलं, वाटी उपडी घातल्यासारखं. त्यांनी नाड्या ओढून बघितल्या, कानापर्यंतही पोहोचेनात.

"होत नाही गं हे आता," त्या म्हणाल्या. "डोकं वाढलंय हिचं."

दहा महिन्यांच्या कुठल्याही बाळाचं डोकं त्यात मावलं नसतं, मला कळतं. तरी मी तिथंच खाली फरशीवर बसले.

उद्या क्लिनिक होतं, पुन्हा ती कागदी टेप. सासूबाईंनी टोपऱ्याचं टोक शोधलं, उसवलं, आणि पिवळी लोकर सरसर मोकळी व्हायला लागली. हातभर धागा त्यांनी मुक्ताच्या कपाळावरून मागे नेला. मुक्ताला ते मुळीच पसंत नव्हतं. तिनं मान फिरवली, पाय झाडले, डाव्या हातानं धागा ओढला आणि उजव्या मुठीनं माझ्या हनुवटीवर एक ठोसा दिला.

"धर नीट तिला," सासूबाई ओरडल्या, अगदी पूर्वीसारख्या. "माप कसं घेऊ? किती हलतेय ही!"

"हलू द्या, आई," मी म्हटलं. "हलू द्या तिला."

हे वाचणाऱ्या कुणाच्या पोटात आज बाळ असेल आणि ते कालच्यापेक्षा कमी हलत असेल, तर हे बाजूला ठेवा आणि निघा. काम राहू दे. दारावरचा माणूस मागे सरकला तर सरकू दे. आणि कुणी विचारलं कधीपासून, तर खरं सांगा.